एका सहीसाठी फाडलेलं भाषण

वॉशिंग्टन, जेफरसन, लिंकन ही नावं आपल्याला माहीत असतात. बटन ग्विनेट हे नाव ऐकलंय? बहुतेक नाही. पण सह्यांच्या बाजारात हा माणूस भल्याभल्या राष्ट्राध्यक्षांना भारी पडतो. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याची एक सही ७ लाख २२ हजार ५०० डॉलरला गेली!

कारण साधं आहे. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५६ जणांनी सह्या केल्या. त्यात जॉर्जियाचा हा ग्विनेट होता. पुढच्याच वर्षी, मे १७७७ मध्ये, पिस्तुलांच्या द्वंद्वात तो मेला. मागे सह्या उरल्या पन्नासच्या आसपास. ५६ जणांचा संच पुरा करायचा तर ग्विनेट हवाच. मग भाव चढणारच ना!

हे संच जमवायचं वेड कधी लागलं? १८१५ च्या सुमारास विल्यम स्प्रेग नावाचा तरुण व्हर्जिनियात वॉशिंग्टनच्या भाच्याच्या घरी मुलांना शिकवायला होता. वॉशिंग्टनचे सगळे कागद तेव्हा त्याचा पुतण्या बुशरॉड याच्या ताब्यात. स्प्रेगनं थोडी पत्रं मागितली. परवानगी मिळाली, अट एकच: जे पत्र नेशील त्याची नक्कल ठेव. त्यानं सुमारे दीड हजार पत्रं उचलली! अस्सल गेली, नकला राहिल्या. पुढे ५६ जणांच्या सह्यांचा पूर्ण संच जमवणारा पहिला माणूस म्हणून त्याचंच नाव झालं.

आता खरी हळहळ वाटावी अशी गोष्ट. अध्यक्ष झाल्यावर करायच्या पहिल्या भाषणाचा एक मोठा मसुदा वॉशिंग्टननं स्वतःच्या हातानं लिहून ठेवला होता, साठच्या वर पानांचा. मॅडिसनच्या सल्ल्यावरून तो बाजूला पडला आणि एप्रिल १७८९ मध्ये वॉशिंग्टननं वेगळं, छोटं भाषण केलं. पुढे वॉशिंग्टनचे कागद संपादन करायला जॅरेड स्पार्क्स या इतिहासकाराकडे आले. हा मसुदा छापण्याजोगा नाही असं त्याचं मत झालं. लोक तर त्याच्याकडे वॉशिंग्टनच्या अक्षराचा नमुना मागत होते. मग पठ्ठ्यानं काय केलं? मसुद्याची पानं कापली आणि तुकडे वाटून टाकले. ज्या माणसाच्या हाती देशाचा इतिहास जपायला दिला, त्यानंच कात्री चालवली. आज अभ्यासक ते तुकडे शोधून जोडायला बघतात, पण भाषण काही पूर्ण जुळत नाही.

म्हणजे छंद वाईटच का? तसंही नाही. लिंकनचं उदाहरण घ्या. गुलामांच्या मुक्तीच्या घोषणेवर त्यानं १ जानेवारी १८६३ ला सही केली. नववर्षाच्या समारंभात तासन्‌तास हस्तांदोलन करून हात थरथरत होता. सही कापरी दिसली तर लोक म्हणतील हा कचरला, याची त्याला काळजी. म्हणून एरवी नुसतं ‘ए. लिंकन’ लिहिणाऱ्यानं त्या दिवशी सावकाश पूर्ण नाव लिहिलं. पुढे जखमी सैनिकांच्या मदतीसाठी १८६४ मध्ये फिलाडेल्फियात जत्रा भरली. तिथे घोषणेच्या ४८ छापील प्रती लिंकनच्या सहीसह विकायला ठेवल्या, दहा डॉलरला एक. सगळ्या खपल्यासुद्धा नाहीत! त्यातलीच एक २०१० मध्ये ३७ लाख डॉलरच्या वर गेली. आणि लिंकनच्या हातची मूळ घोषणा? तीही अशाच जत्रेसाठी १८६३ मध्ये शिकागोला दिली होती. तीन हजार डॉलरला विकली गेली आणि १८७१ च्या शिकागोच्या आगीत जळून खाक झाली.

पैसा आला की लबाडीही येते. फिलाडेल्फियाचा रॉबर्ट स्प्रिंग वॉशिंग्टनच्या खोट्या सह्या विकून जगला. विसाव्या शतकात जोसेफ कोझी लिंकन आणि फ्रँकलिनच्या हुबेहूब सह्या करायचा. नंतर तर यंत्रच आलं, ऑटोपेन. सहीचा साचा बसवला की यंत्र खऱ्या पेनानं सही करतं. केनेडींच्या नावाच्या कितीतरी सह्या अशाच आहेत. २०११ मध्ये ओबामा फ्रान्समध्ये असताना वॉशिंग्टनमध्ये एका कायद्यावर त्यांची सही याच यंत्रानं झाली.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो मालकीचा प्रश्न. पावणेदोनशे-दोनशे वर्षं अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाचे कागद म्हणजे त्याची खाजगी मालमत्ता. वॉशिंग्टनचे सरकारी कागद सरकारला १८३४ मध्ये त्याच्या घरच्यांकडून पैसे मोजून घ्यावे लागले! निक्सनच्या टेप्सचं प्रकरण झालं तेव्हा कुठे डोळे उघडले. १९७८ मध्ये कायदा झाला आणि २० जानेवारी १९८१ पासूनच्या अध्यक्षांचे कारभाराचे कागद जनतेचे ठरले.

पुढाऱ्याची सही आपण त्याच्या नावासाठी जपतो. पण तिची खरी किंमत ती कशाखाली केली यात असते. त्यानं काय मंजूर केलं, कोणाला काय वचन दिलं, हे वरचा मजकूर सांगतो. मजकूर कापून नुसती सही ठेवली की हिशेब विचारायचा पुरावाच गेला. तेव्हा तुमच्या घरच्या ट्रंकेत कुणा मोठ्या माणसाचं जुनं पत्र असेल, तर फ्रेमसाठी सही कापू नका. अख्खं पत्र ठेवा, पाकिटासकट.