मोतीबिंदू, मधुमेहजन्य (तरुण वयातील)

रक्तातील साखर फार वाढल्याने कोवळ्या वयातच डोळ्याचे भिंग गढूळ होण्याचा विकार. बहुधा पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, किशोरवयात आढळतो. रुग्ण थोडे, तरी त्यांतल्या काहींत मधुमेहाचा पत्ता लागण्याआधीच नजर जाऊ लागते, आणि साखर तपासायला प्रथम नेत्रतज्ज्ञच सांगतो.

भिंगात ग्लुकोज शिरायला इन्शुलिन लागत नाही. साखर वाढली की भिंगातील अल्डोज रिडक्टेज हे विकर तिचे सॉर्बिटॉल करते. ते पेशीबाहेर सहज पडत नाही, उलट पाणी ओढून घेते. तंतू फुगतात आणि आवरणाखाली हिमकणांसारखे पांढरे ठिपके पसरतात. म्हातारपणचा मोतीबिंदू पिकायला वर्षे घेतो. हा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, बरेचदा दोन्ही डोळ्यांत वाढतो.

भंडारा-तुमसर रस्त्यावरील मोहाडीसारख्या तालुक्याच्या गावी मोतीबिंदू म्हटले की आजी-आजोबा आणि शिबिराची गाडी आठवते. नववीतल्या मुलीला फळा दिसेना झाला तर चष्म्याचा नंबर काढला जातो. तो नंबर थोड्या दिवसांत पुन्हा बदलला, तर तोही वाढलेल्या साखरेचा परिणाम असू शकतो. सोबत सारखी तहान, रात्री लघवीला उठणे, पोटभर जेवूनही वाळत जाणे असेल तर संशय पक्का धरावा. अशी लक्षणे असताना केव्हाही तपासलेली साखर दर डेसिलिटरला 200 मिलिग्रॅम किंवा अधिक भरली की मधुमेहाचे निदान होते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए1सी चाचणी सिकलसेलच्या रुग्णात फसवी ठरू शकते. पूर्व विदर्भात सिकलसेल बराच असल्याने येथे रक्तातील साखर थेट मोजणेच भरवशाचे.

आधी इन्शुलिन, मग शस्त्रक्रिया, हाच क्रम योग्य. साखर आटोक्यात आल्यावर सुरुवातीचे ठिपके क्वचित विरतातही. एरवी कृत्रिम भिंग बसवतात, आणि पडदा निरोगी असेल तर दृष्टी चांगली परतते. मधुमेह न ओळखता नुसत्या डोळ्यामागे लागणे मात्र जिवावर बेतू शकते. इन्शुलिनअभावी रक्तात आम्ल साचून उलट्या, धाप आणि बेशुद्धी येते. गरीब मुलांना मोफत इन्शुलिन देणारी ‘ड्रीम ट्रस्ट’ ही डॉ. शरद पेंडसे यांची संस्था नागपुरातच आहे.

शाळकरी मुलाच्या बाहुलीत पांढरे दिसले तर पालकांनी शिबिराच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात साखर तपासून घ्यावी.