रातपाळीचे जागेपण

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास सांगताना पगार, बोनस आणि संप यांचा हिशेब चोख मांडला जातो. झोपेचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिली कापड गिरणी काढली. त्यानंतरची काही दशके गिरण्या बहुतांशी सूर्याच्या उजेडावर चालल्या. उन्हाळ्यात दिवस तेरा-चौदा तासांचा होई, तरी अंधार पडला की सुटका असे. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्यात रविवारच्या सुटीबरोबर दुपारी अर्धा तास विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम अशी मागणी होती. विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्ताची ही मर्यादा उरली नाही. १९०५ च्या तेजीत कित्येक गिरण्या दिव्यांच्या उजेडात चौदा-पंधरा तास चालू लागल्या आणि कामगार त्याविरुद्ध उभे राहिले.

कामगार इतका वेळ जागा कसा राहत असे? मालकांचे म्हणणे असे की तो राहतच नाही. आवारात विडी ओढतो, पाणी पितो, अंघोळ करतो, रेंगाळतो. १९०८ च्या कामगार आयोगापुढेही ही तक्रार आली. पण त्याच मालकांनी ही उसंत गृहीत धरून जादा माणसे ठेवली होती, हे विसरता येत नाही. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, सुताचा धागा तुटला की साचा थांबवून गाठ मारायची, कांडी संपली की धोट्यात नवी भरायची. क्षणभर डोळा लागला तर कापडात दोष राही आणि ते खराब कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापली जाई. अशा कामात आवारात मारलेल्या फेरीला आळस म्हणणे बरोबर नाही. न परवडणारी चूक टाळण्याचा कामगाराच्या हातातला तो एकमेव उपाय होता.

यावर कोणी म्हणेल, पुढे कायद्याने तास कमी केले, मग प्रश्न सुटलाच. तास कमी झाले हे खरे: १९११ च्या कायद्याने बारा, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा, आणि १९४८ मध्ये दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस. पण कायद्याने मर्यादा घातली ती माणसाच्या तासांना. यंत्राचे तास वाढतच गेले. रातपाळी वाढली आणि दुसऱ्या महायुद्धात कापडाची मागणी चढल्यावर तिसरी पाळीही रुळली. आठ तासांचे काम मध्यरात्री सुरू झाले की त्याची किंमत वेगळी असते, कारण शरीराचे घड्याळ भोंग्याबरोबर फिरत नाही आणि दिवसाची झोप तुटक होते. त्यात गिरणगावची खोली. पहिल्या पाळीचा गडी उठून गेला की त्याच जागेवर तिसऱ्या पाळीचा पथारी टाकी. बाहेर नळावरची भांडणे आणि पोरांचा कालवा. खानावळवाल्या बायका तिन्ही पाळ्यांची जेवणे सांभाळत म्हणून हा गाडा चालला. त्यात त्यांची स्वतःची झोपही खर्ची पडली.

दुसरा आक्षेप असा की कामगार स्वतःच रातपाळी मागून घेत. घेत असतीलही. पण कायम कामगाराच्या गैरहजेरीत घेतला जाणारा बदली कामगार दाराशी उभा राहून मिळेल ती पाळी पत्करतो, त्याला पसंती म्हणता येत नाही. आजही रुग्णालयात, कॉल सेंटरमध्ये, सोसायटीच्या फाटकावर डुलकी लागली की दोष माणसाला दिला जातो आणि उपाय म्हणून चहा सुचवला जातो. चहा थोडाच वेळ साथ देतो. पाळी सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने पुढे सरकवणे, दोन पाळ्यांत पुरेसे अंतर ठेवणे आणि मध्ये सुटका करायला जोडीदार देणे, यांचा उपयोग टिकतो. हे तिन्ही निर्णय पाळीपत्रक आखणाऱ्याच्या हातात असतात. म्हणून डुलकीचा जाब विचारायचा असेल, तर तो आधी त्यालाच विचारला पाहिजे.