दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाशी जुळवताना

पृथ्वी स्वतःभोवतीची फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण करते. त्यामुळे तारे दर चार मिनिटांना सुमारे एक अंश पश्चिमेकडे सरकताना दिसतात. डोळ्यांना ही गती जाणवत नाही. कॅमेऱ्याला मात्र लगेच जाणवते. १००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत खगोलीय विषुववृत्ताजवळील ताऱ्याची प्रतिमा सेकंदाला ०.०७ मिलिमीटर सरकते आणि छायाचित्रात बिंदूऐवजी रेघ उमटते.

यावरचा उपाय म्हणजे विषुववृत्तीय माउंट. त्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला की एकच मोटर ताऱ्यांचा पाठलाग करू शकते. पुणे-नाशिक मार्गालगतच्या गिरवली येथे २००६ मध्ये सुरू झालेली आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण उन्नती आणि दिगंश या दोन अक्षांवर संगणकाच्या साह्याने फिरते. हौशी छायाचित्रकाराला मात्र विषुववृत्तीय माउंटच सोयीचा पडतो.

या अक्षाचा क्षितिजाशी होणारा कोन म्हणजे त्या स्थळाचा अक्षांश. चिंचवडसाठी तो सुमारे १८.६ अंश आहे. काही माउंटची खालची मर्यादा २० अंशांच्या आसपास असते, तर काहींत इतक्या कमी कोनात वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. खरेदीपूर्वी हे तपासणे आवश्यक ठरते.

प्रथम तिपाई समतल करावी व एक पाय उत्तरेकडे ठेवावा. पुणे परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक एक अंशाहून कमी आहे. मात्र स्लॅबमधील लोखंडी सळ्या होकायंत्राला चकवतात. त्यानंतर दुर्बीण व कॅमेरा चढवून दोन्ही अक्षांवर तोल साधावा.

ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही. तो त्यापासून सुमारे ०.६ अंश दूर आहे. ध्रुवताराच मध्यभागी घेतला, तर तारे मिनिटाला दहा विकलांपर्यंत भरकटू शकतात. म्हणून ध्रुवदर्शकातील वर्तुळावर त्या वेळेनुसार योग्य जागी ध्रुवतारा आणावा लागतो.

चिंचवडची खरी अडचण येथेच आहे. एवढ्या कमी उंचीवरचा ध्रुवतारा समोरच्या इमारतीआड जातो, किंवा उत्तरेच्या चाकण पट्ट्यातील दिव्यांच्या उजेडात फिका पडतो. अशा वेळी सरकण्यावरून चूक ओळखण्याची जुनी पद्धत कामी येते. याम्योत्तर वृत्ताजवळ, खगोलीय विषुववृत्तालगतचा तारा निवडावा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेकडे झुकलेला असतो. उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेकडे. मग पूर्व क्षितिजाजवळचा तारा पाहावा. तो दक्षिणेकडे सरकल्यास अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकल्यास वर. आज तीन छायाचित्रांवरून ही चूक मोजणाऱ्या संगणकप्रणालीही उपलब्ध असून, त्यांतील काहींना ध्रुवतारा दिसण्याची गरज नसते.

स्वयंचलित मार्गदर्शक कॅमेरा लावला म्हणून ही जुळणी टाळता येत नाही. तो निवडलेला तारा जागेवर धरतो. पण अक्ष चुकलेला असेल तर बाकीचे दृश्य त्या ताऱ्याभोवती हळूहळू फिरते आणि कडेचे तारे कमानीसारखे उमटतात.

पावसाळ्याच्या महिन्यांत निरभ्र रात्री मोजक्याच मिळतात. जुळणी साधल्यावर तिपाईच्या तिन्ही पायांच्या जागा गच्चीवर रंगाने खुणावून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या रात्रीचा बराच वेळ वाचतो.