ज्ञानाच्या दारावरचे नवे पहारेकरी

31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण रद्द केले. ते त्यांनी स्वखर्चाने छापले. छापखाना कोणाच्या हातात, यावर कोणाचा विचार लोकांपर्यंत पोहोचणार हे ठरते.

आज पहारेकरी बदलले आहेत. संशोधनाला पैसा बहुतांशी जनतेच्या कराचा, लेख प्राध्यापकांचे, तपासणीही बहुधा फुकट. मालकी मात्र एल्सविअर, वायली अशा कंपन्यांची. आपलेच संशोधन आपल्याला परवाना घेऊन वाचावे लागते.

2012 साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी झेरॉक्स सेंटरवर खटला भरला. विद्यार्थी स्वतः त्या खटल्यात उतरले. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 शिक्षणासाठी सवलत देते. त्याच आधारावर 16 सप्टेंबर 2016 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. अपिलातही हे तत्त्व टिकले आणि मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. विद्यार्थी लढले म्हणून हे झाले.

आता सरकारची 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजना बघा. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी, तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके. पण मंजुरी सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी. जळगाव, धुळे, नंदुरबारची बहुतेक कॉलेजं खासगी शिक्षणसंस्थांची. जळगावचे विद्यापीठ आत, पण शिरपूर-चोपड्याच्या संस्थेच्या कॉलेजात शिकणारा आदिवासी, दलित विद्यार्थी? तो कर भरणाऱ्यांत आहे, वाचणाऱ्यांत नाही. शिवाय करार संपला की दार पुन्हा बंद. पैसा मात्र कंपनीकडे गेलेला.

कंपन्या म्हणतात, संपादनाला खर्च येतो. येतो, तो द्यावा. पण खर्च भागवणे वेगळे आणि ज्ञानावर कायमची मालकी सांगणे वेगळे. पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर कुणालाही फुकट वाचता येतात. मग करातून झालेल्या संशोधनाचे लेख का नाही?

खान्देशातल्या विद्यार्थी संघटनांनी दोन मागण्या लावून धराव्यात. खासगी संस्थांच्या कॉलेजांना या योजनेत घ्या. सरकारी पैशातून झालेले प्रत्येक संशोधन सर्वांसाठी खुले करा. 'शिका' म्हणणाऱ्या बापाची लेकरं दाराबाहेर उभी राहणार नाहीत.

जय भीम!