उलट्या दाराची गाडी

आमच्या अण्णांना अलीकडे विसर पडू लागला आहे. नातवाला ते माझ्या नावाने हाक मारतात, चहा घेतल्यावर पुन्हा चहा मागतात. म्हणून गेल्या दिवाळीत, "आपल्या पहिल्या फियाटचं पुढचं दार उलटं उघडायचं," असे ते म्हणाले, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि विषय बदलला.

ती गाडी आजोबांनी १९६६ साली साताऱ्यात एका डॉक्टरांकडून जुनी विकत घेतली होती. माझ्या जन्मापूर्वीच ती विकली गेली. माझ्या पिढीची फियाट म्हणजे मुंबईची काळीपिवळी पद्मिनी. स्टिअरिंगच्या दांड्याशी गिअर, पुढे सलग बाकासारखे आसन, हे सारे अण्णा सांगत तसेच तिच्यातही होते. पण दार? ते तर चारचौघींसारखे सरळ!

पुढे आईची ट्रंक आवरताना एक फोटो सापडला. नऊवारीतली आजी गाडीशी उभी आहे, गाडी निम्मीच आली आहे. आजीचा हात पुढच्या दाराच्या मुठीवर आहे आणि ती मूठ आहे थेट पुढच्या चाकाजवळ! मूठ जिकडे, तिच्या उलट बाजूस बिजागरी, हे घरातल्या कपाटालाही लागू आहे. म्हणजे बिजागऱ्या मधल्या खांबावर. मागच्या दाराच्याही तिथेच. एका खांबाला दोन्हीकडे दोन दारे, जणू पंख पसरलेले पाखरू.

मग मात्र मी शोधाला लागलो. इटलीच्या फियाट कारखान्याने ११००/१०३ ही गाडी १९५३ साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात मांडली. १०३ हा आराखड्याचा क्रमांक. वेगळ्या चासीवर टप ठेवण्याची जुनी रीत सोडून तिचा सांगाडा सलग घडवला होता. इंजिन १०८९ सीसीचे, आणि पुढची दारे अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे उलटी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९५४ पासून तयार होऊ लागली. वालचंद १९५३ सालीच निवर्तले होते, त्यांना ती पाहायला मिळाली नाही. तिच्या पुढे आलेल्या नाकाडावरून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटले. आपल्या लोकांचे लाड असेच असतात.

अशा दारात शिरणे सोपे असते. पाठ करून नुसते बसायचे. पण धावत्या गाडीत ते जरा निसटले, की वारा त्याला सताड उघडतो. म्हणूनच जगभर ही तऱ्हा मागे पडली. १९६४ ची 'डिलाइट' आली ती सरळ दारांची. तिच्याच वंशातून पुढे पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांत खूप आले. तिच्या या थोरल्या बहिणीची दारे मात्र आमच्या घरातही एकट्या अण्णांच्याच आठवणीत राहिली होती.

मी फोटो अण्णांपुढे धरला. म्हटले, "अण्णा, तुमचंच खरं. दार उलटंच होतं."

त्यांनी चष्मा पुसला, मुठीवरच्या त्या हातावर बोट ठेवले. "आईला नऊवारीत बसायला बरं पडायचं ते," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "चहा झाला का रे माझा?"

झाला होता. मी पुन्हा आधण ठेवले.