इटालियन क्रियापदे : अक्षरे आणि आघात

शिक्षणासाठी, सेवेसाठी वा तीर्थयात्रेसाठी रोमला निघालेले आमचे वाचक इटालियन प्रार्थना पुष्कळदा देवनागरीत उतरवून घेतात. देवनागरीत आघाताची खूण नसते. त्यामुळे अक्षरे बरोबर असूनही अर्थ बदलू शकतो. त्यांच्यासाठी हे टिपण आम्ही देत आहोत.

‘डों-बि-व-ली’ म्हणताना जोर कोठेही पडला तरी गाव तेच राहते. इटालियनचे तसे नाही. ‘का-पि-तो’ या शब्दात ‘का’वर आघात दिल्यास ‘मी अवचित येऊन पोहोचतो’, ‘पि’वर दिल्यास ‘समजलेले’ आणि ‘तो’वर दिल्यास ‘घडले’ असा अर्थ होतो.

अक्षरे पाडण्याचे नियम :

१. स्वरांमधील एकेरी व्यंजन पुढील स्वराकडे जाते : वे-दे-रे (पाहणे).

२. द्वित्त व्यंजन दुभंगते : लेज्-जे-रे (वाचणे). न, म, ल, र यांच्यापुढे दुसरे व्यंजन आल्यासही तसेच : कान्-ता-रे (गाणे).

३. ‘स’ला जोडून व्यंजन आल्यास दोन्ही पुढे जातात : का-पि-स्को (मला समजते).

४. आघातहीन ‘इ’ पुढील स्वरात मिसळते : प्रे-ग्या-मो (आम्ही प्रार्थना करतो).

आघाताचे नियम :

१. बहुतेक शब्दांत आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. ‘आरे’ व ‘इरे’ यांनी संपणाऱ्या मूळ क्रियापदांचेही तसेच. ‘एरे’ यांनी संपणारी मात्र पाठ करावीत : ‘वे-दे-रे’त आघात ‘दे’वर, पण ‘क्रे-दे-रे’त (विश्वास ठेवणे) ‘क्रे’वर.

२. वर्तमानकाळी ‘ते’साठीच्या रूपात आघात एकवचनातील जागा सोडत नाही. ‘प्रे-गा’ (तो प्रार्थना करतो), तसेच ‘प्रे-गा-नो’ (ते प्रार्थना करतात), दोन्हीकडे ‘प्रे’वरच. येथेच आपली चूक अधिक होते.

३. आघात अंत्याक्षरावर असल्यास छापील इटालियनमध्ये त्यावर तिरकी रेघ असतेच. इतरत्र ती सहसा छापत नाहीत.

आता ‘पेर्-दो-ना-रे’, म्हणजे क्षमा करणे, हे क्रियापद घ्यावे. ‘पेर्-दो-नो’त ‘दो’वर आघात असता ‘मी क्षमा करतो’. ‘नो’वर असता ‘त्याने क्षमा केली’. क्षमा कोणाची आणि केव्हाची, हे एका आघातावर ठरते. म्हणून प्रार्थना उतरवून घेताना प्रत्येक क्रियापदाची अक्षरे आधी पाडावीत, आघाताचे अक्षर अधोरेखित करावे आणि मगच ती मोठ्याने म्हणावी.