मळसूत्र फिरविणारे हात

पाणी वर चढविणाऱ्या मळसूत्राला आर्किमिडीजचें नांव चिकटलें आहे. परंतु त्याच्या उपलब्ध ग्रंथांत ह्या यंत्राविषयीं एक अक्षरही नाहीं. प्लूटार्क तर सांगतो कीं, यंत्रविद्येला आर्किमिडीज हीन लेखी व तिजवर ग्रंथ लिहिण्याचें त्यानें टाळिलें. श्रेय त्याच्या पदरीं घालतो तो डायोडोरस. इ. स. पूर्वी २१२ मध्यें सिराक्यूज पडलें, त्यांत आर्किमिडीज मारला गेला. डायोडोरस त्यानंतर दीडशेंहून अधिक वर्षांनीं लिहितो. अश्शूरचा राजा सेनाखेरिब ह्याच्या बागांना इ. स. पूर्वी ७ व्या शतकाच्या आरंभींच असलें मळसूत्र पाणी पुरवी, असाही एक तर्क आहे. तो बव्हंशीं एका लेखांतील दुर्बोध वर्णनावर उभा असल्यामुळें आम्हांस पटत नाहीं.

अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसचे ग्रंथ नष्ट झाले; तथापि त्याच्या पंपाचें श्रेय व्हिट्रुव्हियसनें त्यालाच दिलें आहे. हा एका न्हाव्याचा मुलगा. कांशाचीं दोन नळकांडीं, त्यांत आळीपाळीनें वरखालीं होणारे दट्टे, आणि आलेलें पाणी मागें फिरूं न देणाऱ्या झडपा, एवढीच त्याची युक्ति!

मळसूत्राची कृतिही व्हिट्रुव्हियस देतो, पण कर्त्याचें नांव घेत नाहीं. लांकडी तुळईभोवतीं वाळुंजाच्या लवचिक पट्ट्या डामर लावून एकीवर एक बसवावयाच्या, असे आठ आटे उभारावयाचे आणि वरून फळ्यांचें वेष्टण घालावयाचें. खालचें टोंक पाण्यांत ठेवून तें तिरपें फिरविलें म्हणजे प्रत्येक फेऱ्यागणिक पाणी एक एक आटा वर सरकतें. चाकाइतकें उंच तें पाणी नेत नाहीं, पण पुष्कळ नेतें. आणि फिरविणार कोण? माणसें, पायांनीं तुडवून.

ग्रीकांच्या ह्या यंत्रांनीं मनुष्याचे श्रम हलके केले असें आम्ही वर्गांत अनेक वर्षें सांगत आलों. डायोडोरस लक्षपूर्वक वाचल्यावर तें तोंडांतून निघेना. स्पेनमधील रुप्याच्या खाणींत भूमिगत प्रवाह लागत. ते ह्या मळसूत्रांनीं उपसून टाकीत, आणि तेथें तो आर्किमिडीजच्या बुद्धीची मुक्तकंठानें स्तुति करितो. लगेच पुढें त्याच खाणींतील गुलामांचें वर्णन येतें. रात्रंदिवस राबून त्यांचीं शरीरें झिजत, विसांवा कसला तो नाहीं, आणि जगण्यापेक्षां मरण त्यांना बरें वाटे. पाणी उपसलें गेल्यामुळें खाण अधिक खोल जाऊं शकली, आणि तिच्याबरोबर गुलामही खोल गेले. श्रम वांचले असतील तर ते खाणीच्या मालकाचे, असें आतां आम्हांस म्हणावें लागतें.

ईजिप्तमध्येंही निराळी स्थिति नव्हती. नाईलकांठच्या बाबिलोन नांवाच्या किल्ल्यावर रोमन सैन्याची छावणी होती. नदीचें पाणी तेथवर चाकांनीं व मळसूत्रांनीं चढवीत, असें स्ट्रेबो लिहितो; आणि त्या कामास १५० कैदी लाविलेले होते.